झिर्कोनियाची कॅप घासल्याने मजबूत होत नाही

‘झिर्कोनिया म्हणजे सिरॅमिकमधलं पोलाद. कॅप उंच बसली तर बिनधास्त घासा, उलट मजबूत होते. पाणी चालू असलं आणि शेवटी चकाकी आली की तड्याचा प्रश्नच नाही.’ दातावर बसवायच्या झिर्कोनियाच्या, म्हणजे एका सिरॅमिकच्या, कॅपबद्दलचा हा मजकूर खूप फिरतो आहे आणि तो वाचून कुणी बर, म्हणजे दंतवैद्याचं घासायचं फिरतं टोक, हातात घेऊ नये, असं मला कळकळीने वाटतं.

पोलादाची उपमा १९७५ची. गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को यांच्या लेखाचं शीर्षक होतं ‘सिरॅमिक पोलाद?’. प्रश्नचिन्ह त्यांचंच होतं, पुढे ते गळून पडलं. कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. काच मऊ लोखंडापेक्षा कठीण असते, तरी पडली की फुटते. झिर्कोनिया काचेपेक्षा कितीतरी चिवट आहे, पण पोलादाच्या जवळपासही नाही.

‘मजबूत होते’ यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते जास्त फसवं. घासताना वरच्या स्फटिकांची रचना बदलते, ते सुमारे ४ टक्के फुगतात आणि तो थर दाबाखाली येतो. दाबाखालची भेग उघडत नाही, हे खरं. पण हा थर अगदी पातळ असतो. भरड डायमंड बरवरची हिऱ्याची प्रत्येक कणी टोच्यासारखी रुतते आणि तिच्याखाली उभी भेग पडते. ती थराच्या पार गेली की संरक्षण संपलं. भेग चौपट खोल झाली की ताकद निम्मी, असं भेगांचा अभ्यास करणाऱ्या ग्रिफिथच्या १९२१च्या सूत्रातून निघतं. शिवाय जास्त इट्रिया (झिर्कोनियात मिसळलेला यट्रियमचा ऑक्साइड) असलेल्या, अधिक पारदर्शक झिर्कोनियात हा बदल जवळजवळ होतच नाही. तिथे घासणं म्हणजे नुसतं नुकसान.

पाण्याने उष्णता जाते, म्हणून ते हवंच. कणीच्या दाबाने पडणारी भेग त्याने थांबत नाही.

चकाकीचं तसंच. थेट पॉलिशचा रबर फिरवला तर वरचे ओरखडे जातात, खालची भेग राहते. ती काढायची तर क्रमाक्रमाने बारीक कणीने तेवढा थरच उतरवावा लागतो.

दिशेबद्दल तर त्या मजकुरात अवाक्षर नाही. उभ्या भेगा प्रामुख्याने ओरखड्यांच्याच रेषेत जातात. ब्रिजवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कृत्रिम दातांवर, चावताना दातांमधल्या जोडाची हिरडीकडची बाजू ताणली जाते. तिथे आडवे ओरखडे पडले तर तो ताण भेगा थेट उघडतो. त्या जागेला बर लावूच नये. टाळता येत नसेल तर बारीक कणी, हलका हात आणि ओरखडे ब्रिजच्या लांबीच्या दिशेने.