अठराशे रुपयांत भिवंडी

दर फेब्रुवारीत, कंपनीत बिलं द्यायची वेळ आली की, तेच रडगाणं. वर्षभर स्वतःची गाडी कंपनीच्या कामाला जुंपायची, अंधेरीहून भिवंडीचं गोडाऊन, तिथून तुर्भे, तिथून परत, खड्ड्यांत सस्पेन्शनची वाट लावायची. आणि पगाराची स्लिप उघडावी तर खिशातून गेलेले पैसे परत देताना त्यावरही टॅक्स कापलेला. विचारायला जा, पगाराचा हिशेब करणारे पेरोलवाले एकच वाक्य तोंडावर फेकतात, 'लिमिट 1,800 आहे.' अहो, कसलं लिमिट? नियम उघडून बघितलाय का एकदा तरी?

2025-26 पर्यंत लागू असलेले आयकर नियम 1962, नियम 3(2). खालचा सगळा हिशेब त्यांचाच. गाडी कर्मचाऱ्याची, पेट्रोल-देखभालीचा खर्च देणार कंपनी. गाडी थोडी कामाला आणि थोडी घरच्यांना वापरली आणि नोंदी काहीच नसल्या, तर इंजिन 1.6 लिटरपर्यंत असेल तेव्हा महिन्याला 1,800 वजा, त्याहून मोठं असेल तर 2,400, ड्रायव्हर असेल तर आणखी 900. उरलेली रक्कम पर्क्विझिट, म्हणजे नोकरीतून मिळालेला करपात्र लाभ, म्हणून पगारात धरायची. हे झालं नोंदी नसलेल्यांसाठी. त्याच नियमात पुढे लिहिलंय की नोंदी असतील तर कामासाठी झालेला खरा खर्च, 1,800 च्या वर गेला तरी, करात धरायचा नाही. हा भाग पेरोलच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी टाकतच नाही. 1,800 टाकलं की सगळ्यांचं एकदम उरकतं ना!

या आळसाची किंमत बघा. 1.2 लिटरची गाडी, कंपनी महिन्याला 9,000 परत देते, त्यातले 6,300 निव्वळ कामाचे. 1,800 वजा केले तर 7,200 वर टॅक्स. 30 टक्क्यांचा स्लॅब, वर 4 टक्के सेस, म्हणजे 2,246 रुपये. नोंदी मान्य केल्या तर टॅक्स फक्त 2,700 वर, म्हणजे 842. महिन्याला 1,404, वर्षाला 16,848 रुपये. या पैशांत गाडीचा विमा निघतो हो!

आणि 1,800 हा आकडा कधीचा? 2009 चा. तेव्हा मुंबईत पेट्रोल पन्नाशीच्या आत होतं. 2025 च्या 103 च्या भावाने 1,800 रुपयांत 17 लिटर येतं. ट्रॅफिकमध्ये 12 चं अ‍ॅव्हरेज धरा, झाले जेमतेम दोनशे किलोमीटर. ड्रायव्हरच्या 900 बद्दल तर बोलायलाच नको. तेवढ्यात महिनाभर येणारा ड्रायव्हर कुणाला सापडला तर कळवा.

पण घोडं पेंड खातं ते पुढे. या नोंदी ठेवायच्या कंपनीने, आणि हा खर्च पूर्णपणे कामासाठीच झाला असा दाखलाही द्यायचा कंपनीने. नोंदीत काय हवं? प्रवासाची तारीख, ठिकाण, किलोमीटर, खर्च. चारच गोष्टी. तरी लोक काय लिहितात? 'क्लायंट व्हिजिट, मुंबई, 80 किमी.' मुंबईत कुठे? दहिसर पण मुंबई आणि कुलाबा पण मुंबई. नीट लिहा की, '12 जून, अंधेरी एमआयडीसी ते भिवंडी गोडाऊन आणि परत, ओडोमीटर 48,212 ते 48,296, 84 किमी.' आणि हे त्याच दिवशी लिहायचं. जानेवारीत एका बैठकीत लिहिलेल्या वहीत सगळे आकडे शून्याने संपतात, ते कुणालाही कळतं.

बिलांचा तमाशा वेगळाच. पंपावरच्या पावतीवर गाडीचा नंबर छापायची सोय असते, पण टाकतो कोण? 'व्हेइकल नंबर : नॉट एन्टर्ड'. झालं, बिल नामंजूर. नोझल उचलायच्या आधीच नंबर सांगा. शिवाय थर्मल कागद. जूनची पावती फेब्रुवारीपर्यंत कोरी पडते, त्यामुळे फोटो त्याच दिवशी काढा. दुसरी गंमत म्हणजे टाकी भरली रविवारी, म्हणून शेरा येतो, 'रविवारी ऑफिसचा प्रवास दिसत नाही.' अरे बाबांनो, रविवारी भरलेलं पेट्रोल मंगळवारी जळतं! यावर इलाज एकच. फुल टाकी ते फुल टाकी किलोमीटर मोजा, दर किलोमीटरचा खर्च काढा आणि तो कामाच्या किलोमीटरने गुणा. मग बिलाची तारीख आणि प्रवासाची तारीख जुळवत बसायला नको.

टोलचंही तसंच. फास्टॅगच्या स्टेटमेंटवर तारीख आणि वेळ दोन्ही असतात, यासारखा पुरावा नाही. 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मुलुंड, ऐरोली, वाशी, दहिसरला हलक्या गाड्यांचा टोल गेला. बरंच झालं, पण तिथून गेल्याचा आयता पुरावाही त्यासोबत गेला. अटल सेतूवर मात्र अजून उमटतो, पैसे मोजून.

घर ते ऑफिसचे किलोमीटर वहीत घुसवू नका. तो खासगी प्रवास धरतात, आणि एकदा ते सापडले की बाकीच्या खऱ्या नोंदींवरही लाल रेघ. गाडीचा हप्ताही यात बसत नाही, नियम चालवण्याच्या आणि देखभालीच्या खर्चाचा आहे. सर्व्हिसिंग, टायर, विमा चालतो. आणि गाडी बायकोच्या नावावर असेल तर विसरा, नियमात मालक कर्मचारीच हवा.

सगळ्यात संताप येतो तो 'न्यू रिजीम घेतलीत ना, मग काही मिळणार नाही' ऐकल्यावर. अहो, न्यू रिजीममध्ये, म्हणजे कमी दराच्या नव्या करपद्धतीत, गेलं ते एचआरए (घरभाड्याची सूट), एलटीए (सुट्टीच्या प्रवासाची सूट), 80सी (गुंतवणुकीची वजावट). गाडीच्या पर्क्विझिटचं मूल्य काढायचा नियम 3(2) दोन्हीकडे तोच. कामाच्या प्रवासासाठी दिलेला कन्व्हेयन्स अलाउन्सही, खरंच खर्च झाला असेल तेवढा, तिथे करमुक्त आहे. 2018-19 पासून गेला तो घर-ऑफिसचा 1,600 चा ट्रान्सपोर्ट अलाउन्स. दोन नावं, दोन वेगळ्या गोष्टी, आणि पगार ज्यांच्या हातात आहे त्यांनाच फरक ठाऊक नाही!

बरं, रिटर्न भरताना बघू म्हणावं, तर फॉर्म 16 मध्ये, म्हणजे कंपनी देते त्या पगार आणि कापलेल्या टॅक्सच्या पत्रकात, ती रक्कम आधीच पगारात चढलेली असते. आपण कमी दाखवली की आकडे जुळत नाहीत, आणि विचारणा आली की हवा असतो तोच कंपनीचा दाखला. म्हणजे फिरून पुन्हा त्याच पेरोलच्या टेबलापाशी, आणि मार्चचा पगार एव्हाना 'प्रोसेस' झालेला.