वीस काजूगरांचा फरक

सोनीच्या ए६४०० या कॅमेऱ्याचे वजन बॅटरी आणि कार्डासह ४०३ ग्रॅम आहे, तर कॅननच्या आर५० चे ३७५ ग्रॅम. या दोनपैकी एक मला घ्यायचा आहे, आणि हा २८ ग्रॅमांचा फरक गेल्या दोन महिन्यांत मला इतक्या जणांनी आणि इतक्या गांभीर्याने ऐकवला आहे की शेवटी चिडून मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि त्यावर एकेक काजूगर ठेवत गेलो. ३२० नंबरचे वीस काजूगर झाले आणि काटा २८ वर आला. नाटक बघता बघता माणूस एवढे काजू नकळत खाऊन टाकतो. आणि या वीस काजूगरांच्या बळावर एक कॅमेरा ‘प्रवासासाठी आदर्श’ ठरतो व दुसरा ‘किंचित जड’! एवढ्या पैशांची खरेदी करू पाहणाऱ्या माणसाशी हे लोक असे बोलतात, आणि त्यांना त्याची लाजही वाटत नाही.

मला कॅमेरा कशासाठी हवा आहे ते आधी सांगतो, कारण तुलना करणाऱ्यांपैकी एकानेही ते विचारलेले नाही. डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेच्या रात्री देवळासमोरच्या मंडपात मराठी नाटक होते. गोव्यात याचे कोणाला नवल नाही. गावोगावच्या देवस्थानांच्या उत्सवांत हौशी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या नाटके करीत आली आहेत, आणि दिवसभर सुपारीच्या कुळागरात राबलेला किंवा सरकारी कदंबच्या बसमध्ये तिकिटे फाडलेला माणूस रात्री दीड वाजता संभाजी होऊन साखळदंडांत उभा राहतो, तेव्हा समोर बसलेली त्याची स्वतःची आईदेखील त्याला क्षणभर ओळखत नाही. त्या क्षणीचा त्याचा चेहरा मला टिपायचा आहे. फ्लॅश वापरायचा नाही, मध्येच उठून पुढे जायचे नाही, शटरचा आवाज करायचा नाही. तिसऱ्या रांगेतली खुर्ची आणि रंगमंचापर्यंतचे सुमारे आठ मीटर अंतर, एवढाच माझा संसार. या दोनपैकी कोणता कॅमेरा तिथे चालेल, हा माझा साधा, एका ओळीचा प्रश्न आहे.

त्या प्रश्नाला उत्तर म्हणून माझ्यासमोर कोष्टके टाकली जातात. एकात लिहिलेले असते की ए६४०० मध्ये फेज डिटेक्शनचे, म्हणजे फोकस साधणारे, ४२५ बिंदू आहेत आणि आर५० मध्ये ऑटोफोकसचे ६५१ विभाग आहेत, आणि ६५१ हा आकडा मोठा असल्यामुळे त्याच्यापुढे हिरवी खूण केलेली असते. अरे, एकाने सेन्सरवरचे, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवरचे, बिंदू मोजले आहेत आणि दुसऱ्याने चित्रचौकटीचे पाडलेले भाग मोजले आहेत! एका घरात माणसे किती आणि दुसऱ्या घरात खोल्या किती, हे मोजून कुटुंब कोणाचे मोठे ते ठरवण्यासारखा हा प्रकार आहे. डोळा लावून पाहायच्या व्ह्यूफाइंडरचेही तेच. दोन्ही कॅमेऱ्यांत तो ‘२३.६ लाख डॉट्स’चा आहे, असे अभिमानाने सांगितले जाते. परंतु प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन डॉट धरून ही बेरीज केलेली असते, हे कोणी सांगत नाही. प्रत्यक्षात तिथे १०२४ गुणिले ७६८ एवढेच चित्र दिसते, म्हणजे आठ लाखांहूनही कमी पिक्सेल. शिवाय दोन्हीकडे आकडा एकच असेल, तर त्या ओळीचे तुलनेत कामच काय?

बॅटरीच्या बाबतीत तर हसावे की रडावे ते कळत नाही. पडद्यावर पाहून छायाचित्रे घेतल्यास ए६४०० चे ४१० आणि आर५० चे ३७० फोटो होतात, असे सर्वत्र छापलेले आहे, आणि या चाळीस फोटोंवरून लोक एकमेकांची अक्कल काढत असतात. हे आकडे जपानमधील कॅमेरा उत्पादकांच्या सीपा या संघटनेने ठरवून दिलेल्या चाचणीतून येतात. त्या चाचणीत तापमान २३ अंशांच्या आसपास ठेवतात, दर तीस सेकंदांनी एक फोटो घेतात आणि एकाआड एक फोटोला फ्लॅश उडवतात. आमच्या मंडपात माघातल्या रात्रीसुद्धा पंखे लावावे लागतात, फ्लॅशला बंदी असते, आणि तलवार उपसली जाते तेव्हा तीन सेकंदांत पंधरा फोटो निघून पुढची दहा मिनिटे स्वगतात जातात. या चाळीस फोटोंचे मी काय करू? जादा बॅटरी दोन्ही कॅमेऱ्यांना घ्यावीच लागणार आहे, एवढे एक वाक्य पुरेसे होते. ते मात्र कोणी लिहिले नाही.

खरी गोष्ट प्रकाशाची आहे, आणि तिथेच सगळ्यांची वाचा बसते. रंगमंचावर बऱ्यापैकी उजेड असताना एफ/२.८ ॲपर्चर (लेन्सचे भोक; आकडा लहान तेवढे भोक मोठे) आणि सेकंदाचा १/१२५ वा भाग एवढा शटर स्पीड धरला, तर मला आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता; ती वाढवावी तसा फोटो दाणेदार होतो) ३२०० च्या आसपास न्यावा लागतो, हे उसन्या कॅमेऱ्यावर काढलेल्या दोन नाटकांच्या अनुभवावरून सांगतो. आता आर५० सोबत जी १८-४५ मिलिमीटरची किट लेन्स मिळते, ती ४५ वर नेली की तिचे ॲपर्चर एफ/६.३ च्या पुढे उघडत नाही. म्हणजे प्रकाश पाचपट कमी, आणि तोच फोटो काढायला आयएसओ १६००० च्या घरात. ए६४०० ची १६-५० ची किट लेन्स शेवटी एफ/५.६ देते, ती थोडी बरी, परंतु उपाशी माणसाला अर्धी पोळी वाढण्याइतकीच. याउलट एफ/१.८ ची साधी ५० मिलिमीटरची लेन्स लावली, तर एफ/६.३ च्या बारापट प्रकाश आत येतो आणि आयएसओ तेराशेपर्यंत खाली उतरतो. शिवाय आठ मीटरवरून त्या लेन्समध्ये रंगमंचाचा साधारण साडेतीन मीटर रुंदीचा भाग बसतो, म्हणजे राजा, राणी आणि मधला विंगेतून डोकावणारा प्रॉम्प्टरही. बारापट! इथे बारापटींचा हिशेब पडलेला आहे आणि हे लोक मला सोनीचा सेन्सर कॅननच्या सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने दहा टक्के मोठा असल्याचे पटवून देत बसले आहेत. तो आहे दहा टक्के मोठा. २३.५ गुणिले १५.६ आणि २२.३ गुणिले १४.९ हे गुणाकार मलाही येतात. त्या दहा टक्क्यांनी संभाजीच्या डोळ्यांतले पाणी दिसणार नाही.

आता प्रकाशाच्या जातीविषयी. पूर्वी मंडपात पिवळे हॅलोजन असत. आता प्रत्येक लाइटवाल्याकडे एलईडीचे ‘पार’ म्हणजे रंगीत झोताचे दिवे आहेत, आणि वधाचा प्रसंग आला की तो सगळा रंगमंच लालभडक करून टाकतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर अर्धे पिक्सेल हिरव्या गाळणीखाली, पाव निळ्या आणि पावच लाल गाळणीखाली असतात. शुद्ध लाल उजेडात २४ मेगापिक्सेलपैकी फक्त सहाच खऱ्या अर्थाने काम करतात. बाकीचे अंधारात चाचपडतात, आणि नटाचा चेहरा कुंकवाच्या लेपासारखा सपाट होतो. त्यात हे दिवे मंद करायचे असले की ते अतिवेगाने चालू-बंद होत राहतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण कॅमेरा आवाज न करता म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर चालवला, की सेन्सर ओळीमागून ओळ वाचतो आणि फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात. वीजपुरवठ्यामुळे होणारी सेकंदाला शंभर वेळांची लुकलुक असेल, तर शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवून निभावते. दिव्याच्या स्वतःच्या लुकलुकीपुढे ती युक्तीही चालत नाही. या दोन कॅमेऱ्यांपैकी कोणाचे पट्टे कमी दिसतात, हे आमच्या लाइटवाल्याच्या दिव्यांखाली मला पाहायचे आहे. ‘सायलेंट शटर : आहे’ असे दोन्हीकडे लिहून दोन्हीकडे हिरवी खूण करणाऱ्याला मी एकदा त्या मंडपात बसवणार आहे.

पण त्याला मंडपात कशाला यायचे असेल! तुलनेचे व्हिडिओ करणारे गोव्यात येतात, हे मी पाहतोच. कळंगुटपासून वागातोरपर्यंत त्यांचे ट्रायपॉड उभे असतात. भर दुपारी, निळ्या आकाशाखाली, आयएसओ १०० वर समुद्राचे दोन फोटो घ्यायचे, ते शेजारी शेजारी ठेवायचे आणि विचारायचे की कोणता अधिक आवडला. त्या उन्हात माझ्या भाच्याचा फोनही सुंदर फोटो काढतो. मग निष्कर्ष येतो : ‘दोन्ही कॅमेरे उत्तम आहेत, निवड तुमच्या गरजेवर अवलंबून आहे.’ पंचवीस मिनिटे माझी गरज न विचारता बोलून झाल्यावर ती पुन्हा माझ्याच पदरात टाकायची! जुन्या माहितीचीही कोणाला खंत नाही. आर५० ला इतर कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्स मिळत नाहीत, हे वाक्य मला आजही सांगितले जाते. ते २०२३ साली कॅमेरा आला तेव्हा खरे होते, परंतु २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅम्रॉन या दोघांनीही त्या माउंटसाठी, म्हणजे कॅननच्या लेन्स-जोडणीसाठी, लेन्स जाहीर केल्या, हे वाक्य दुरुस्त करायला कोणाला सवड झालेली नाही.

आणि पाऊस? आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातले चामड्याचे पट्टे हिरवे होतात. माझ्या जुन्या लेन्समध्ये एका श्रावणात बुरशी शिरली. टॉर्च धरून पाहिले तेव्हा काचेच्या आत कोळिष्टकासारखे पांढरे धागे पसरलेले होते, आणि त्यांनी काचेवरचा लेप खाल्लेला होता. येथे राहणाऱ्याला सिलिका जेलचा हवाबंद डबा किंवा आर्द्रता राखणारे ड्राय कॅबिनेट यांचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीतच धरावा लागतो. ही ओळ कोणत्या कोष्टकात आहे, मला दाखवा.

राहता राहिले दुकान. प्रत्यक्ष हातात घेऊन पाहावे, असा शहाणपणाचा सल्ला सगळेच देतात, म्हणून मी रिकामे कार्ड खिशात टाकून पणजीला एका दुकानात गेलो. काचेच्या कपाटात दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी होते. आर५० ची बॅटरी उतरलेली होती आणि चार्जर ‘वर गोदामात’ होता. ए६४०० सुरू झाला, पण काउंटरला तारेने असा जखडलेला होता की डोळ्याला लावायचा तर मलाच वाकून काउंटरशी जावे लागले. त्या अवस्थेत मला व्ह्यूफाइंडरमधून कॅल्क्युलेटर आणि विक्रेत्याचा अंगठा यांखेरीज काही दिसले नाही. माझे कार्ड घालून चार फोटो काढू का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “कार्ड घालू देत नाही सर, व्हायरस येतो.” नवा खोका उघडून दाखवा म्हटले, तर म्हणे सील फोडले की माल जुना झाला. मग त्याने अतिशय आपुलकीने दोन लेन्सचा संच पुढे सरकवला. त्यातली ५५-२१० ची लेन्स जवळजवळ फुकट पडते, असे त्याचे म्हणणे होते. आर५० सोबतची ती लेन्स लांबच्या टोकाला एफ/७.१ वर जाते. मी त्याला नाटकाचे सांगितले, लाल दिव्यांचे सांगितले, रात्री दीड वाजताचे सांगितले. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “चालेल ना सर, झूम चांगला आहे.”

मी म्हटले, मला किट लेन्स नकोच. नुसती बॉडी द्या आणि एफ/१.८ ची ५० मिलिमीटरची लेन्स द्या, मग दोन्ही कंपन्यांची जोडी समोर ठेवून मी आत्ता, इथे निर्णय घेतो. सोनीच्या त्या लेन्समध्ये हात हलण्यावरचा इलाज आहे, कॅननच्या लेन्समध्ये तो नाही, आणि दोन्ही कॅमेऱ्यांच्या बॉडीतही तो नाही. तेव्हा तो फरक मला हातात धरून पाहायचा होता. वीस काजूगर नव्हेत, खरा फरक. त्यावर त्याने संगणकात पाहिले, आत कोणाला तरी फोन केला, आणि सांगितले की नुसती बॉडी येत नाही, तसेच या लेन्स कोणी घेत नाही म्हणून ठेवत नाही. मात्र ॲडव्हान्स भरल्यास आठ-दहा दिवसांत दोन्ही लेन्स मागवता येतील.

“मागवा,” मी म्हणालो, “पाहून त्यातली एक घेतो.”

“तसे नाही सर. मागवली की घ्यावी लागेल.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

“मग पाहायची कशाला?”

“तेच तर मघापासून सांगतोय, सर,” तो म्हणाला, आणि दोन लेन्सचा संच त्याने पुन्हा एकदा माझ्या बाजूला सरकवला.