बॅटरीची तहान

लातूरच्या आमच्या घरातील इन्व्हर्टरची बॅटरी नेमकी कधी गेली हे सांगता येणार नाही, कारण ती एका दिवसात गेलीच नाही. सहा वर्षे इमानाने राबून शेवटचे वर्षभर ती थोडी थोडी जात राहिली आणि आम्ही तिच्या बेताने आपला संसार आवरता घेत राहिलो. १५० अ‍ॅम्पिअर-तासांची आणि १२ व्होल्टची, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तासांची ही बॅटरी उमेदीच्या काळात दोन पंखे आणि तीन दिवे सहा-सात तास सहज ओढत असे. पुढे एका पंख्यावर भागवावे असे ठरले. मग तो पंखाही फक्त अण्णांच्या खोलीत राहिला. मे महिन्यातल्या एका दुपारी लाईट गेली, तेव्हा इन्व्हर्टरने एक लांब शिट्टी मारली, पंख्याने चार फेऱ्या घेतल्या आणि तोही थांबला.

तरीही ती संपली आहे हे मान्य करायला घरात कोणी तयार नव्हते, कारण नवीचा भाव पंधरा हजारांच्या घरात होता. मी मल्टिमीटर लावून पाहिला, तर स्वस्थ बसली असता ती साडेबारा व्होल्ट दाखवत होती. एक पंखा सुरू करताच मात्र काटा साडेदहाच्या खाली घसरला आणि इन्व्हर्टरने मान टाकली. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी तेजस्वी दिसणारे आणि निवडणुकीचे काम लागताच वैद्यकीय दाखला शोधणारे काही सहकारी मला आठवले. त्यांत मीही मोडतो, म्हणून अधिक लिहीत नाही.

अखेर मेकॅनिकला बोलावले. त्याने सहाही घरांची बुचे काढली, प्रत्येकात तेजाब किती दाट आहे ते मोजणारी हायड्रोमीटरची नळी बुडवली आणि पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत १.२५ च्या आसपास दिसावा असा आकडा १.१५ वरही पोहोचत नाही हे पाहून त्याने गंभीर चेहऱ्याने विचारले, “सर, ह्याच्यात पाणी कोण टाकतंय?”

सगळ्यांच्या नजरा अण्णांकडे वळल्या.

अण्णांची बाजू समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. चार्ज होताना बॅटरीतल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन उडून जातात, तेजाब मात्र आत राहते. म्हणून तिला वरून केवळ पाणी पाजायचे असते आणि तेही डिस्टिल्ड, कारण साध्या पाण्यातले क्षार तिच्या शिशाच्या प्लेटांना बाधतात. हे सगळे मी अण्णांना अनेकदा सांगितले होते. परंतु २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाच लाख लिटर पाणी लातूरला आले, त्या उन्हाळ्यात अण्णांनी घागरी घेऊन टँकरपुढे रात्री काढल्या होत्या आणि त्याच्या आदल्या वर्षी परळीचे वीज केंद्र पाण्यावाचून बंद पडलेले त्यांनी पाहिले होते. असा मनुष्य दुकानातून पाणी विकत आणून ते बॅटरीच्या पोटात ओतील, ही अपेक्षाच चुकीची होती. “माणसांनी बोअरचं प्यायचं आणि बॅटरीनं बाटलीतलं? ती काय जावई आहे का?” असा त्यांचा रोकडा सवाल होता, आणि चहाच्या पातेल्यात पांढरा थर जमवणारे आमचे बोअरचे पाणी ते दर महिन्याला, तांब्याने, अत्यंत प्रेमाने तिला पाजत होते.

बॅटरीसाठी आणलेला डिस्टिल्ड पाण्याचा पाच लिटरचा कॅन मी वाफेच्या इस्त्रीत संपवला होता, हे मी त्या क्षणी बोललो नाही.

मेकॅनिकने मलाही सोडले नाही. बॅटरी जिन्याच्या माथ्यावर, पत्र्याखाली ठेवण्याची कल्पना माझी होती. तिचे आयुष्य साधारण २५ अंश तापमान धरून मोजलेले असते आणि पुढे दर दहा अंशांना ते निम्म्यावर येते, असे त्याने ऐकवले. पंचवीस अंश हे तापमान आमच्याकडे मे महिन्यात फक्त माठातल्या पाण्याला लाभते. पत्र्याखाली तर दुपारी पापड भाजून निघतील.

तारा सोडवणे सोपे होते: आधी ऋण टोक, मग धन टोक, आणि दोन्हींवर जमलेल्या निळसर बुरशीवर खायचा सोडा घातलेले पाणी. खरा प्रसंग जिन्यात होता. पंचावन्न-साठ किलोंचे, दोनच कडी असलेले आणि जरासुद्धा तिरके न करता उतरवायचे ते धूड मी आणि भाच्याने एकेक पायरी करत खाली आणले, तेव्हा अण्णा पुढे उभे राहून “सावकाश, सावकाश” म्हणत होते, आणि ही सूचना मला उद्देशून नसून बॅटरीला उद्देशून असल्याचे त्यांच्या सुरावरून कळत होते. शेवटच्या पायरीवर थोडे तेजाब हिंदकळले. काही झाले नाही असे मी समजलो. पँट धुवायला टाकली, तेव्हा तिची चाळणी झालेली पत्नीने वाळत घालताना सर्वांना दाखवली.

रिक्षाच्या मागच्या सीटवर बॅटरीला मधे बसवून आम्ही दोघे बाजारात गेलो. नव्या बॅटरीच्या किमतीतून जुनीचा भाव वजा होतो, कारण तिच्यातले शिसे वितळवून पुन्हा वापरता येते, एवढे मला ठाऊक होते. दुकानदाराने तिला काट्यावर ठेवले, आकडा पाहिला आणि त्यातून दहा-बारा किलो सरळ कमी केले.

“हे कशाचे कापले?” अण्णांनी विचारले.

“आजोबा, भाव शिशाचा हाय. पाण्याचा काय भाव देणार?”

अण्णांनी काट्याकडे पाहिले, मग बॅटरीकडे, आणि मग बराच वेळ त्या दुकानदाराकडे पाहत राहिले. लातुरात राहून पाण्याला भाव नाही म्हणणारा मनुष्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता.

“तू कुठल्या गावचा रे?” त्यांनी विचारले.