पाऊण किलो भेंडीचा प्रश्न

अर्थशास्त्राच्या पुस्तकातला ग्राहक फार सुखी माणूस आहे. त्याच्या जगात वस्तू दोनच. भाव पाटीवर लिहिलेले. तो घासाघीस करत नाही, पिशवी घरी विसरत नाही आणि जवळचे पैसे शेवटच्या दमडीपर्यंत बरोब्बर संपवतो. मला त्याचा हेवा वाटतो. त्याच्या आणि माझ्या खिशाला नियम एकच, पण काय परवडतं ते दाखवणारी त्याची रेषा सरळ येते आणि माझी वाकडी.

नियम साधा आहे. समजा खिशात ६०० रुपये आहेत. तूरडाळ १५० रुपये किलो, कांदा ३० रुपये किलो. (भाव हिशेबाच्या सोयीसाठी धरलेत, पावती मागू नये.) सगळ्या पैशांची डाळ घेतली तर ४ किलो, सगळ्यांचा कांदा घेतला तर २० किलो. आडव्या अक्षावर कांदा, उभ्या अक्षावर डाळ मांडायची आणि ही दोन टोकं पट्टीने जोडायची, की झाली अंदाजपत्रक रेषा. रेषेवर पैसे संपतात, रेषेच्या आत थोडे उरतात, बाहेर फक्त नजर जाते. उतार म्हणजे ३० भागिले १५०, एक पंचमांश. किलोभर कांदा जास्त हवा असेल तर २०० ग्रॅम डाळीवर पाणी सोडा. परीक्षेत पुष्कळ मुलं हा भागाकार उलटा करतात, कारण ‘उभं भागिले आडवं’ हे पाठ झालेलं असतं आणि भावही त्याच क्रमाने मांडले जातात. पण वस्तू जितकी महाग तितकी ती कमी हातात येते, म्हणून भागाकारात आडव्या अक्षावरच्या वस्तूचा भाव वर (अंशात) जातो. हे एकदा डाळ-कांद्यावर करून बघितलं की पुन्हा घोकावं लागत नाही.

लासलगावात क्विंटलचा भाव चढला आणि कांदा ६० वर गेला, की डाळीचं टोक ४ किलोवरच राहतं आणि कांद्याचं २० वरून १० वर येतं. रेषा सरकत नाही, फिरते. इथे जो अख्खी रेषा आत सरकवतो त्याचे गुण गेले. अख्खी रेषा आत येते ती पगार कापला तर, किंवा दोन्ही वस्तू सारख्याच पटीने महागल्या तर. आणि आपल्याला डाळ आवडते की कांदा, याचा या रेषेशी काडीचा संबंध नाही. आवडीनिवडी समवृत्ती वक्रावर मांडायच्या (त्यावरच्या सगळ्या जोड्या आपल्याला सारख्याच आवडतात). रेषा एवढंच सांगते की काय परवडतं, आणि तेही तोंडावर.

हे सगळं वहीत. आता मंडईत चला.

भेंडीवाल्या मावशींचा भाव असा: पाव वीस, अर्धा पस्तीस, किलो साठ. या एका वाक्यात पुस्तकातल्या सरळ रेषेचे तीन तुकडे होतात. पहिल्या पावाला किलोमागे ८० चा दर पडतो, दुसऱ्या पावाला १५ रुपये म्हणजे ६० चा, आणि उरलेल्या अर्ध्या किलोला २५ रुपये म्हणजे ५० चा. आडव्या अक्षावर भेंडी आणि उभ्यावर ‘बाकी सगळं’ (रुपयांत) घेतलं, तर रेषा आधी तीव्र उतरते, मग थोडी कमी, मग आणखी कमी. पोट आत गेलेली रेषा. खरं तर रेषाही नव्हे, मोजके ठिपके, कारण मावशींचं वजन पावाच्या खाली जात नाही.

‘‘मावशी, पाऊण द्या.’’

‘‘पाऊणचे पंचावन्न होतात दादा. किलोच घ्या की, पाच तर जास्त!’’

हिशेब बिनचूक आहे. अर्धा पस्तीस, वर पाव वीस, झाले पंचावन्न. किलो साठ. म्हणजे शेवटचा पाव पाच रुपयांत, २० रुपये किलोच्या दराने. पाऊण किलो मागणारा माणूस या भावात अडाणी ठरतो, मग घरात खरोखर पाऊण किलोच लागत असो. समवृत्ती वक्राचंही पोट आतच असतं, त्यामुळे पोट आत गेलेल्या रेषेला तो दोन जागी टेकू शकतो (जिथे टेकतो ती आपली निवड), एकदा पावाजवळ आणि एकदा किलोजवळ. म्हणून एका घरात पावच येते, शेजारच्या घरात किलो येते, आणि मधलं कुणी घेत नाही. पगारात थोडा फरक पडला की गिऱ्हाईक पावावरून थेट किलोवर उडी मारतं. पुस्तकातलं गिऱ्हाईक इंच इंच सरकतं, मंडईतलं नाही.

त्या पाच रुपयांत न धरलेला खर्च वेगळाच. ओलसर भेंडी पिशवीत बंद राहिली की तिला काळे डाग पडतात, आणि टाकलेल्या पाव किलोचा भाव रेषेवर कुठेच लिहिलेला नसतो. शेवटी ‘‘वर थोडा कढीपत्ता टाका’’ म्हटलं की शून्य रुपयांत रेषा तसूभर बाहेर सरकते. माझ्या मते मंडईतली घासाघीस ही एवढ्या तसूसाठीच असते.

वीजबिलाचं बरोबर उलटं. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात आणि प्रत्येक टप्प्याला दर चढतो. इथे रेषेचं पोट बाहेर. अनेक घरांत १०० युनिटांचं भूत बसलेलं असतं: १०१ वं युनिट पडलं की सगळं बिल महाग होतं, म्हणून पंखा बंद, उकडलं तरी चालेल. तसं होत नाही. चढा दर फक्त १०१ व्या युनिटापासून पुढे लागतो, आधीची १०० जुन्याच दराने. एका युनिटासाठी घाम गाळायचं कारण नाही.

मोबाइलवर किराणा मागवला तर रेषेला वळण नाही, सरळ खड्डा. समजा १९९ च्या वर घरपोच फुकट, खाली २५ रुपये. टोपलीत १७० चा माल आहे. मग आपण ४० रुपयांची बिस्किटं टाकतो. लोक हसतात की २५ वाचवायला ४० घालवले. हसू नये. बिस्किटं प्रत्यक्षात १५ ला पडली. पंधराला ती हवी असतील तर घ्यावीत. हसावं ते ‘अजून थोडंसं’ म्हणत टोपली ४०० वर नेणाऱ्याला.

रेशनच्या धान्याने रेषेला वर एक सपाट पट्टी मिळते. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य, जानेवारी २०२३ पासून मोफत. चौघांचे २० किलो. तेवढ्यापर्यंत खिशातला एक रुपया हलत नाही, पुढे बाजारभावाचा उतार सुरू. बाजारात ४० चा दर धरला तर महिन्याला ३० किलो लागणाऱ्या घराला हे ८०० रुपये रोख हातात ठेवल्यासारखंच. पण १२ किलोत भागणाऱ्या घराला उरलेले ८ किलो विकून पैसे करायची कायद्याने मुभा नाही, म्हणून त्याच्या रेषेचा वरचा कोपरा कापलेला.

आणि महिनाअखेर आली की आडव्या अक्षावर या महिन्याचा खर्च, उभ्या अक्षावर पुढच्या महिन्याचा. क्रेडिट कार्डाचं बिल थकवलं तर व्याज महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. आजचे १००० पुढच्या महिन्यात १०४१ रुपये ३० पैसे होतात. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांच्या वहीत मात्र उतार अगदी एकास एक: आज १००० चं सामान, एक तारखेला १०००. व्याज नाही, जीएसटी नाही. फक्त ‘‘काका, तूरडाळ जरा जास्तच लावलीत का?’’ असं विचारलं, की काका काही बोलत नाहीत, वही उघडतात.