टेन्सचे पॅड कमरेला लावून फरक पडला नाही, म्हणून सगळंच थोतांड?

तुम्ही लिहिता: टेन्स मशीनचे (कातडीवरून सौम्य वीज देणारं दुखणं कमी करण्याचं यंत्र) दोन पॅड रोज अर्धा तास कमरेला लावले, एमएसमुळे (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) आखडणारे पाय तसेच राहिले, तेव्हा मज्जारज्जूला वीज देऊन ताठरता कमी होते हे नवं फॅड आहे. नवं तर नाहीच. कुक आणि वाइनस्टाइन या संशोधकांनी एमएसच्या रुग्णांत मज्जारज्जूशी रोपण केलेल्या इलेक्ट्रोडबद्दल 1973 मध्येच लिहिलं होतं. आणि तुम्ही केलंत ते मुळात हे नव्हे.

पायांच्या संवेदी मुळ्या (संवेदना आत आणणाऱ्या नसांची मुळं) मज्जारज्जूत शिरतात त्या छातीच्या अकराव्या-बाराव्या मणक्याच्या आसपास, कमरेच्या बऱ्याच वर. तिथे कण्याच्या दोन्ही बाजूंना 5 सेंटिमीटरचे पॅड लागतात आणि बेंबीच्या दोन्ही बाजूंना मोठे, सुमारे 8 बाय 13 सेंटिमीटरचे. करंट पाठीतून पोटाकडे आरपार जायला हवा. दोन्ही पॅड पाठीवरच असले की तो बहुतेक कातडीतून आणि पाठीच्या स्नायूंतूनच परततो.

करंट किती, हे अंदाजाने ठरत नाही. उताणं झोपवून विजेचा एकेक पल्स (क्षणिक झटका) देत करंट वाढवत न्यायचा. मांडी-पोटरी जेमतेम उडाली की त्याच्या 90 टक्क्यांवर थांबून 50 हर्ट्झने 30 मिनिटं. पायांत मुंग्या याव्यात, स्नायू आवळू नयेत. खरी पारख जोड-पल्सची: 50 मिलिसेकंदांच्या अंतराने दोन पल्स दिले की स्नायूचा दुसरा प्रतिसाद दबला पाहिजे. दोन्ही सारखेच आले, तर करंट संवेदी मुळ्या सोडून बाहेर पडणाऱ्या, स्नायू हलवणाऱ्या चालक मुळ्यांना लागतोय; पॅड वर सरकवा. हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, ईएमजी (स्नायूंतली वीज मोजणारी तपासणी) लागतो. झोपून ठरवलेला आकडा बसल्यावर चालत नाही, तेही ध्यानात ठेवा.

प्लासिबोची शंका मात्र रास्त आहे. मुंग्या येतात म्हणजे खोटा उपचार लगेच ओळखू येतो. अभ्यास लहान आहेत, परिणामही काही तास, फार तर दिवसभर टिकणारा. शिवाय ॲशवर्थचा आकडा (हाताने पाय हलवून ताठरतेला दिलेले गुण) तपासणाऱ्याच्या हातावर हलतो. पलंगाच्या कडेवरून पाय सोडून तो किती झोके घेतो हे मोजणं त्याहून बरं.

तुलना नीट व्हावी म्हणून बॅक्लोफेन (ताठरता कमी करणारं औषध) एकदम बंद केलंत, हे मात्र पुन्हा करू नका. झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. पेसमेकर असेल तर घरी प्रयोग नकोच. लघवीचा संसर्ग किंवा बद्धकोष्ठता असेल तर आधी ती बघा, ताठरता त्यानेही वाढते. काहीजण तर त्या ताठरतेच्याच जोरावर उभे असतात. सत्रानंतर पहिल्यांदा उठताना गुडघे अचानक दुमडतात, म्हणून कोणीतरी शेजारी हवं.