'हँड इन हँड' लिहिताना

आमच्या भागात आता शेतकरी गटाचा प्रकल्प अहवाल असो, बचत गटाचा अर्ज असो की कॉलेजच्या पोरापोरींचा निबंध असो, इंग्रजीतला कागद 'गो हँड इन हँड' लिहिल्याशिवाय पुरा होत नाही. दोन चांगल्या गोष्टी दिसल्या, की एकीचा हात दुसरीच्या हातात द्यायचा आणि मोकळे व्हायचे, अशी रीतच पडली आहे. असे कागद तपासण्यासाठी माझ्याकडे येतात, म्हणून हे थोडे सविस्तर लिहितो.

या शब्दांतून दोन गोष्टी बरोबरीने चालतात एवढेच कळते; कोणामुळे कोण, हे त्यांतून कळत नाही. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काही तासांनंतर (ओळींनंतर) तुरीचा एक तास आपण टाकतो. दोन्ही एकाच पावसावर उगवतात, एकाच डवऱ्याखाली वाढतात, पण तुरीमुळे पऱ्हाटी आली असे कोणी म्हणत नाही. 'हँड इन हँड'ची जोडी ही अशी असते. विहिरीला पाणी लागले, ओलित झाले आणि म्हणून उत्पन्न वाढले, असे सांगायचे असेल तर मात्र तिथे कारण आणि परिणाम आहे, आणि त्यासाठी इंग्रजीत 'लीड्स टू' हे सरळ शब्द आहेत. अनुदानाच्या अर्जात तर हा फरक फारच महत्त्वाचा, कारण पैसा कशासाठी हवा हे वाचणाऱ्याला त्यावरूनच समजते.

चुका बहुधा ठरलेल्याच असतात. बोलताना मधला 'इन' अर्धवट ऐकू येतो, म्हणून 'हँड अँड हँड' लिहिले जाते. ते चूक आहे. माणसे अनेक असली तरी 'हँड्स इन हँड्स' होत नाही. कर्ता दुहेरी असेल तर 'गो', आणि एकच कर्ता असून पुढे 'विथ' येत असेल तर 'गोज': 'डेट गोज हँड इन हँड विथ ड्रॉट', म्हणजे कर्ज दुष्काळाच्या बरोबरीने येते. 'टुगेदर' वेगळे जोडण्याची गरज नाही, कारण तो अर्थ आतच आहे. क्रियापदानंतर जोडरेघा नकोत. नामाआधी विशेषण म्हणून शब्द आले, तरच 'हँड-इन-हँड' असे रेघा देऊन लिहावे. तीन-चार गोष्टींना एकाच वेळी हातात हात घालायला लावणारी वाक्ये मला स्वतःला अवघडलेली वाटतात, मग व्याकरण काहीही म्हणो.

शब्द तसे जुने आहेत. लंडनमध्ये 1696 साली आगीचा विमा उतरवणारी एक संस्था निघाली, ती 'हँड इन हँड' याच नावाने ओळखली जाई आणि एकमेकांत गुंफलेले दोन हात ही तिची खूण होती. सभासदांनी एकमेकांचे नुकसान वाटून घ्यायचे, अशा संस्थेला ते नाव शोभतही होते.

सगळ्यांत जपायचे ते 'हँड इन ग्लोव्ह'पासून. एका गटाच्या अहवालात, आमची कंपनी आणि खरेदीदार व्यापारी 'हँड इन ग्लोव्ह' काम करतात, असे मोठ्या अभिमानाने लिहिले होते. या शब्दांचा अर्थ घनिष्ठ संबंध असा होतो हे खरे, पण इंग्रजी वर्तमानपत्रांत ते बहुतेक वेळा साटेलोटे दाखवण्यासाठी येतात. कापसाचा भाव पाडण्यासाठी दलाल आणि व्यापारी एक झाले, तर तिथे ते अगदी चपखल बसतील. कर्ज मागायला बँकेत नेण्याच्या अहवालात मात्र ते राहू देऊ नयेत, म्हणून मी तिथे 'क्लोजली विथ' करून दिले.