आठ माणसं, ५४४ किलो

सरकारी हिशेबाने आम्ही कमी झालो आहोत. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबईत, ३३ लाख ३८ हजार माणसं होती. २०११ ला ती ३० लाख ८५ हजार भरली. दहा वर्षांत अडीच लाख माणसं वजा! ती गेली कुठे हे शोधायला आयोग नेमायला नको. गिरगावातल्या कुठल्याही लग्नाला जा, अर्धी पंगत विरार लोकलच्या घाईत असते आणि उरलेल्यातली निम्मी डोंबिवलीची. तर एवढी मंडळी गेल्यावर मागे राहिलेल्यांना जरा हातपाय पसरायला मिळतील, असं कुणालाही वाटेल. आमच्या लिफ्टला तसं वाटत नाही.

लिफ्टमध्ये बटणांच्या वर पत्र्याची पाटी आहे: ८ माणसं, ५४४ किलो. भागाकार केलात तर माणशी ६८ किलो येतात. हा आकडा खास आमच्यासाठी काढलेला नाही, देशभर लिफ्टवाले वर्षानुवर्षं माणूस ६८ किलोचाच धरत आले आहेत. ज्याने कुणी तो ठरवला त्याने गिरगावात एकही चतुर्थी काढलेली नसावी. इथे उपास सोडताना जेवढं खातात त्याहून जास्त उपास करताना खातात. परिणामी आमच्या लिफ्टमध्ये आठवा माणूस आजवर कुणी पाहिलेला नाही. सहा माणसं आणि एक दप्तर झालं की ती कोकलते. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं, असं केंद्र सरकारचं २०२० चं धोरण सांगतं. आमच्या लिफ्टने तिसरीतल्या एका मुलाला निमूट आत घेतलं आणि त्याच्या आईने दप्तर आत ठेवताच बोंब ठोकली. धोरणाची अंमलबजावणी करणारी देशातली ही एकमेव यंत्रणा असेल.

हे सगळं नशिबी आलं ते विकास झाल्यामुळे. आधी आमची चाळ होती, तळमजला आणि वर तीन माळे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या सप्टेंबरातल्या आकड्यावर गोठवून ठेवली होती, त्यामुळे मालकाला भाडं मागायला टॅक्सीने येणं परवडायचं नाही, दुरुस्ती तर नाहीच नाही. चाळ टेकूंवर उभी होती. टेकूंनी भिंत धरली आहे की भिंतीने टेकू, हे पाहणीला आलेल्या इंजिनियरलाही छातीठोक सांगता येत नसे. मग ३३(७) आलं. विकास नियंत्रण नियमावलीतला हा नियम जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणाऱ्या, इमारतींच्या पुनर्विकासाचा आहे. बाहेरच्यांना तो कंस कळायचा नाही, पण आमच्याकडे आज्यासुद्धा ‘तेहतीस-सात’ असं रामरक्षेच्या सुरात म्हणायच्या. जुन्या भाडेकरूंना फुकटात मालकीचं घर, बदल्यात बिल्डरला जादा एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधायची परवानगी, आणि त्या जादात त्याने विकायची घरं बांधायची, असा हा व्यवहार. काही वर्षं भलतीकडे भाड्याने काढून परतलो, तर एका चाळीच्या जागेवर दोन टॉवर! पुढे आम्हा जुन्या भाडेकरूंचा बावीस मजल्यांचा ‘रिहॅब’ आणि मागे विकायच्या घरांचा, त्याच्या दुप्पट उंचीचा ‘सेल’. सेलवाल्यांचं गेट वेगळं, वॉचमनची टोपी वेगळी. त्यांच्या लिफ्टमध्ये म्हणे आरसा आहे. आमच्यात नाही, आणि वजनाचा विषय पाहता ते बरंच आहे.

घर झकास आहे, उगाच खोटं कशाला बोला. पहाटे टमरेल घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला, आतून कडी लावता येणारा घरचा संडास म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. चाळीच्या आठवणीने गहिवरणारे बहुतेक लोक चाळ सोडून चाळीस वर्षं झालेले असतात. माझी तक्रार एवढीच, की इमारत वाढली आणि गल्ली होती तेवढीच राहिली. गल्लीला एफएसआय मिळत नाही. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी ही नावं पडली तेव्हा इथे झाडं होती, माणूस आणि फार तर बैलगाडी जाईल एवढी वाट होती. झाडं गेली, वाट तेवढीच. २०२५ च्या ऑक्टोबरात मेट्रो ३ गिरगावात आली, तीही जमिनीखालून. वर जागा होती कुठे? तर आता आम्ही आकाशात, मेट्रो पाताळात, आणि मधल्या पृथ्वीतलावर एक टेम्पो तोंडाने ‘आने दो, आने दो’ म्हणवून घेत रिव्हर्समध्ये येतो आहे.

लिफ्टा तशा दोन आहेत. एक चालू असते आणि दुसरीचा माणूस ‘निघालेला’ असतो. सकाळी सात ते नऊ शाळा, बँका, क्लास, योगा, सगळं त्या एका डब्यातून खाली उतरतं. चाळीत हीच माणसं तीन जिन्यांनी उतरायची आणि जिन्यावरच्या भांडणांमुळे आपोआप विभागली जायची. आता अबोला धरलेली दोन घरं रोज छातीला छाती लावून बावीस मजले प्रवास करतात. समोरच्याच्या कानात कापूस आहे की नाही इथपर्यंत माहिती होते, फक्त बोलायचं नसतं.

गजर वाजला की मात्र सगळे एक होतात. आधी सगळे वर बघतात, जणू गजर छतानेच दिला. मग नजरा हळूच शेवटी चढलेल्यावर येतात. शेवटी चढेल तो उतरेल, असा अलिखित कायदा आहे, पण शेवटी चढलेल्या बाई बावन्न किलोच्या निघाल्या की कायद्याचा कीस सुरू होतो.

“मी का उतरू? माझ्याने वाजत नाहीये.”

“वहिनी, वाजलं तुमच्या पायानेच.”

“पाय माझा असेल, वजन तुमचं आहे!”

एकदा बाराव्या मजल्यावरच्या नानांना कुणीतरी नम्रपणे विचारलं, “नाना, तुम्ही पंच्याहत्तर ना?” नाना म्हणाले, “वय की वजन?” दोन्ही तेवढंच होतं. ज्येष्ठ म्हणून त्यांना उतरवता येईना आणि वजनदार म्हणून ठेवता येईना. शेवटी सातव्या मजल्यावरच्या काकू, कुणीही न सांगता, आपणहून उतरल्या. ही मंडळी आपल्याकडे बघतात म्हणजे काय, या रागाने. त्या आठवडाभर जिन्याने उतरत होत्या, आणि त्यांना बघून ज्यांना खरंच जिना उतरायला हवा ते लिफ्टमध्ये हळहळत होते.

यावर हुशार लोकांनी उपाय काढला. खाली जायचं असेल तर वर चाललेल्या लिफ्टमध्ये चढायचं, बावीसपर्यंत हवा खाऊन यायचं, जागा पक्की. हळूहळू सगळेच हुशार झाले. आता लिफ्ट बाविसाव्या मजल्यावर पोचते तेव्हा भरलेली असते, तिथले लोक दार उघडल्यावर आतल्यांना नमस्कार करतात आणि दार बंद होतं. बिल्डरने त्यांना ‘टॉप फ्लोअर, सी व्ह्यू’ सांगून खूश केलं होतं. समुद्र ते खूप वेळ बघतात.

जनगणनेला न दिसणारी माणसं तर आणखी वेगळी. पूर्वी भाजीवाला चौकात यायचा आणि चाळ खाली जायची. एक माणूस, चाळीस पिशव्या. आता चाळीस माणसं वर येतात, प्रत्येकाच्या हातात एकेक कोथिंबिरीची जुडी. दहा मिनिटांत आणून देतो असं कंपनीने जाहीर केलं होतं. त्यातली सहा तो आणून देणारा बिचारा तळमजल्यावर लिफ्टच्या लाल आकड्याकडे बघत काढायचा. पुन्हा कुरियरवाले, पाण्याचे जार, फिल्टरवाला, आणि कुणाचा तरी सोफा, जो आत जात नाही हे आत घालून बघितल्याशिवाय कुणालाच पटत नाही. प्रगणक रात्री घरात झोपणारी डोकी मोजणार. आमच्याकडे दिवसा उभ्या असणाऱ्यांचा रकाना लागेल. २०२७ च्या जनगणनेतही गिरगाव कमीच भरेल आणि लिफ्ट बोंबलतच राहील, दोघंही आपापल्या जागी बरोबर.

आणि एक गोष्ट मला खुपते. गाड्यांची लिफ्ट स्वतंत्र आहे. ती मोठी आहे, तिच्यात दिवा आहे, पंखा आहे, तिला ऑपरेटर आहे आणि ती कधी बंद पडलेली नाही. एक गाडी एका वेळी, ऐसपैस, धक्काबुक्की नाही. नाना एकदा पोडियमवरून, म्हणजे गाड्या ठेवायच्या वरच्या मजल्यावरून, तिच्यातून खाली यायला निघाले तर ऑपरेटरने अडवलं. “आजोबा, गाडी असेल तरच.”

शेवटी सेक्रेटरींनी वेळापत्रक लावलं. सात ते आठ सम मजले, आठ ते नऊ विषम. शाळा सव्वासातच्या, त्यामुळे सम मजल्यांची चंगळ. घोळ झाला तो तेराव्यावर. बिल्डरने अशुभ म्हणून तेरावा आकडाच गाळला आहे, बारानंतर १२अ, मग १४. आता १२अ सम की विषम? तिथले म्हणाले, पाटीवर बारा आहे, आम्ही सम. आठ वाजता तेच लोक पुन्हा हजर, मजले मोजून बघा, आम्ही तेरावे. दोन्ही खरं होतं. अशुभ मजला म्हणून तीन लाख कमी देऊन मागच्या वर्षी तिथे घर घेतलेल्या गृहस्थांना सगळी बिल्डिंग आता नशीबवान म्हणते.

अकराव्या मजल्याने लगेच अर्ज दिला: आम्हाला १०अ करण्यात यावं. विषय विशेष सभेत घेतला. सभा गच्चीवर होती. कोरम भरला नाही, कारण सभासद तळमजल्यावर लिफ्टची वाट बघत उभे होते. नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा भरली, आता कोरमची अट नव्हती. तेवढ्यात चौघे जिना चढून धापा टाकत पोचले, आणि १०अ एकमताने मंजूर झाला. चौघेही अकराव्याचे होते.